टॅब्लेट संगणकांच्या संचालन प्रणालीचे नवीकरण

वापरात असलेल्या टॅब्लेट संगणकावरील संचालन प्रणालीच्या, म्हणजे व्यवहारात जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात तिच्या, जागी त्याच प्रणालीची नंतरची आवृत्ती बसविण्याच्या क्रियेस नवीकरण म्हणतात. संचालन प्रणाली ही यंत्राची स्मृती, साठवण, पडदा, बॅटरी, बिनतारी संदेशवहन इ. साधनांचे नियमन करणारी मूळ आज्ञावली होय. इतर सर्व आज्ञावली तिच्या आधारे चालतात आणि वापरणाऱ्याची छायाचित्रे, पत्रे व टिपणेही तिच्याच स्वाधीन असतात. त्यामुळे आवृत्ती बदलताना यंत्र पुन्हा सुरू झाले पाहिजे आणि त्यातील माहितीही अबाधित राहिली पाहिजे, अशा दोन अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. एकाच आवृत्तीतील दोष काढणारी किरकोळ सुधारणा आणि संपूर्ण आवृत्तीबदल यांत फरक आहे. जुन्या यंत्राच्या बाबतीत खरा प्रश्न निर्माण होतो तो दुसऱ्या प्रकारात.

नवीकरणाशी तीन प्रकारचे धोके निगडित आहेत. पहिला प्रत्यक्ष क्रियेतील, म्हणजे ती अर्धवट राहून यंत्र निकामी होण्याचा किंवा माहिती नष्ट होण्याचा. दुसरा क्रिया यशस्वी झाल्यानंतरचा, म्हणजे नवीन आवृत्ती जुन्या यंत्राला न पेलण्याचा. तिसरा नवीकरण न करण्याचा. २०१० नंतरच्या काळात पहिल्या धोक्यावर तंत्रविद्येने बऱ्याच अंशी मात केली. दुसरा व तिसरा मात्र केवळ तांत्रिक नाहीत. यंत्राची मुदत कोणी ठरवावयाची, या प्रश्नाशी ते जोडलेले आहेत.

पूर्वपीठिका : पाटीसारख्या सुटसुटीत वैयक्तिक संगणकाची कल्पना अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांनी ‘डायनाबुक’ या नावाने मांडली व १९७२ मध्ये एका निबंधात तिचे सविस्तर वर्णन केले. प्रत्यक्ष बाजारात आलेल्या आरंभीच्या यंत्रांपैकी ग्रिडपॅड (१९८९) हे एमएस-डॉस या प्रणालीवर चाले. ॲपल कंपनीच्या न्यूटन मेसेजपॅड (१९९३) या यंत्रात संचालन प्रणाली केवळ वाचता येणाऱ्या स्थिर स्मृतीत कायमची कोरलेली असे. तीतील दोष दूर करणाऱ्या लहान सुधारणा वेगळ्या स्मृतीत ठेवून मूळ प्रणालीवर ठिगळाप्रमाणे जोडल्या जात. अशा रचनेत मूळ प्रणाली पुसली जाण्याचे भय नव्हते. पण तिच्यात मोठा बदल करणेही दुष्कर होते. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये टॅब्लेटसाठी विंडोज एक्सपीची स्वतंत्र आवृत्ती काढली. हे टॅब्लेट म्हणजे लेखणीने चालणारे नेहमीचे वैयक्तिक संगणकच असल्याने त्यांचे नवीकरणही त्याच रीतीने होई. २००४ मध्ये एका मोठ्या सुधारणेबरोबर त्यांना पुढील आवृत्ती विनामूल्य मिळाली.

लिहिता व पुसता येणारी फ्लॅश स्मृती स्वस्त झाल्यानंतर संपूर्ण संचालन प्रणाली तीत ठेवण्याची पद्धत रूढ झाली. संपूर्ण प्रणाली घरच्या घरी बदलण्याची सोय आणि ती बदलताना यंत्र निकामी होण्याची शक्यता, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आल्या.

तारेकडून बिनतारी पद्धतीकडे : ॲपलचा आयपॅड एप्रिल २०१० मध्ये विक्रीस आला. त्याचे पहिले मोठे नवीकरण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झाले. त्यासाठी यंत्र तारेने वैयक्तिक संगणकास जोडावे लागे. त्या वेळी सामान्यतः यंत्रातील माहितीची राखीव प्रत त्या संगणकावर आपोआप तयार होई. ऑक्टोबर २०११ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून नवीकरण इंटरनेटवरून थेट यंत्रावर करता येऊ लागले. राखीव प्रत दूरस्थ संगणकावर ठेवण्याची सोयही तेव्हाच सुरू झाली. या बदलाने काम सोपे झाले. परंतु संगणकावर घरात राहणारी प्रत अनेकांच्या बाबतीत नाहीशी झाली. दूरस्थ प्रतीला विनामूल्य जागा मर्यादित असल्याने ती पूर्ण झाली आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर आली.

बिनतारी पद्धतीत साठवणीचाही प्रश्न उद्‌भवला. उतरवून घेतलेली नवीन आवृत्ती आणि ती उलगडण्याची क्रिया या दोहोंना मोकळी जागा लागते. २०१४ मधील आठव्या आवृत्तीस सु. ४·६ गिगाबाइट जागा लागत असे. सोळा गिगाबाइट साठवण असलेल्या यंत्रांवर ती मिळविण्यासाठी अनेकांना छायाचित्रे पुसावी लागली. पुढील वर्षीच्या नवव्या आवृत्तीत ही गरज १·३ गिगाबाइटपर्यंत खाली आणण्यात आली.

क्रियेतील धोके व उपाय : नवीन प्रणाली लिहिली जात असताना वीज गेली किंवा लेखन चुकले, तर जुनी प्रणाली नष्ट झालेली व नवीन अपुरी अशी स्थिती उत्पन्न होते. अशा निश्चेष्ट यंत्राची बोलीभाषेत ‘वीट झाली’ असे म्हणतात. यावर चार प्रकारचे उपाय योजण्यात आले. (१) यंत्र सुरू करणारी पहिली छोटी आज्ञावली पुसता न येणाऱ्या स्मृतीत ठेवणे. बाकी सर्व बिघडले, तरी तिच्या साहाय्याने यंत्र संगणकास जोडून प्रणाली पुन्हा भरता येते. (२) प्रत्येक आवृत्तीवर निर्मात्याची अंकीय स्वाक्षरी असणे. स्वाक्षरी जुळत नसल्यास यंत्र ती आवृत्ती नाकारते. त्यायोगे अपुरी किंवा कोणी फेरफार केलेली प्रणाली बसत नाही. (३) प्रणालीसाठी दोन स्वतंत्र कप्पे ठेवणे. एका कप्प्यातील प्रणाली चालू असताना दुसऱ्यात नवीन आवृत्ती लिहिली जाते आणि पुन्हा सुरू होताना यंत्र त्या कप्प्याकडे वळते. तेथून सुरू न झाल्यास ते जुन्या कप्प्याकडे परतते. ॲन्ड्रॉइडमध्ये ही पद्धत सातव्या आवृत्तीपासून (२०१६) आली. तिला जागा अधिक लागत असे. अकराव्या आवृत्तीतील (२०२०) सुधारित रचनेने ती गरज कमी केली. (४) जुनी आवृत्ती काही काळ जपून ठेवणे. विंडोज १० मध्ये (२०१५) ही मुदत आरंभी एक महिना व पुढे दहा दिवस होती.

या क्षेत्रातील सर्वांत धाडसी कार्य बहुधा मार्च २०१७ मधील होय. त्या वेळी ॲपलने आयपॅड व आयफोन यांतील फायली मांडण्याची मूळ पद्धतच बदलली आणि हा बदल वापरणाऱ्यांची माहिती जागच्या जागी ठेवून केला. त्याआधीच्या काही लहान सुधारणांच्या वेळी यंत्रांवर हे रूपांतर गुपचूप करून पाहण्यात येई, ते बिनचूक झाले की नाही हे तपासले जाई व यंत्र पुन्हा मूळ स्थितीत आणले जाई. प्रत्यक्ष रूपांतर फारसा गाजावाजा न होता पार पडले, ते या रंगीत तालमींमुळे.

तथापि अपघात थांबले नाहीत. ऑक्टोबर २०१३ मध्ये विंडोज आरटी ८·१ ही आवृत्ती बसविल्यावर काही सरफेस आरटी टॅब्लेट सुरू होईनासे झाले. मायक्रोसॉफ्टने ती काही दिवस मागे घेतली आणि यंत्र दुरुस्त करणारी आज्ञावली प्रसिद्ध केली. मार्च २०१६ मध्ये आयपॅड २ सारख्या जुन्या यंत्रांवर ९·३ ही आवृत्ती बसविल्यानंतर, यंत्र प्रथम सुरू करताना वापरलेले खाते व सांकेतिक शब्द यांची मागणी होऊ लागली. ते विसरलेल्यांची यंत्रे तेथेच अडली. ॲपलला जुन्या यंत्रांसाठी सुधारित आवृत्ती काढावी लागली. त्याच वर्षी मे महिन्यात ९·७ इंची आयपॅड प्रो या नव्या यंत्रांवर आणि सप्टेंबर २०२४ मध्ये एम४ जातीच्या प्रक्रियकाच्या आयपॅड प्रोवर अशीच आपत्ती ओढवून संबंधित आवृत्त्या मागे घ्याव्या लागल्या. हे अपघात केवळ जुन्या यंत्रांपुरते मर्यादित नव्हते, हे यावरून दिसते. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या एका आवृत्तीने काही संगणकांवरील वैयक्तिक फायली पुसल्या. अशा तक्रारींचे प्रमाण दहा हजारांत एक इतके असल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले. प्रमाण अल्प असले, तरी ज्याची राखीव प्रत नव्हती त्याला त्या आकड्याचा उपयोग नव्हता.

जुने यंत्र आणि नवीन आवृत्ती : नवीन आवृत्ती समकालीन यंत्रे डोळ्यांसमोर ठेवून रचली जाते. पहिल्या आयपॅडची मुख्य स्मृती २५६ मेगाबाइट होती. मे २०१२ मधील ५·१·१ ही त्याची अखेरची आवृत्ती ठरली. विक्रीस आल्यापासून जेमतेम दोन वर्षांत त्याचे नवीकरण संपले. आयपॅड २ (२०११) याची स्मृती ५१२ मेगाबाइट होती. त्याला चौथ्यापासून नवव्यापर्यंत आवृत्त्या मिळाल्या. मात्र अखेरच्या दोन आवृत्त्यांवर तो मंद चालू लागल्याच्या तक्रारी सर्वत्र होत्या. हे यंत्र मार्च २०१४ पर्यंत विकले जात होते आणि दहावी आवृत्ती सप्टेंबर २०१६ मध्ये त्याला वगळून आली. आरंभी घेणाऱ्यास पाच वर्षांहून अधिक काळ नवीन आवृत्त्या मिळाल्या. अखेरीस घेणाऱ्यास अडीच वर्षेच. यंत्राचे आयुष्य पहिल्या विक्रीपासून मोजावयाचे की शेवटच्या, हा वाद अशा उदाहरणांतून उभा राहिला.

गूगलसाठी आसूस कंपनीने तयार केलेला नेक्सस ७ (२०१२) याचे उदाहरण अधिक बोलके आहे. वापर वाढत गेला तसा तो मंद होई. याचे कारण फ्लॅश स्मृतीच्या स्वभावात होते : या स्मृतीत जुना मजकूर पुसल्याखेरीज त्या जागी नवीन लिहिता येत नाही आणि पुसण्याचे काम वेळखाऊ असते. कोणत्या जागा रिकाम्या झाल्या आहेत, हे स्मृतीला आधीच कळविण्याची व्यवस्था ॲन्ड्रॉइडच्या ४·३ या आवृत्तीत (जुलै २०१३) आली आणि तो पुन्हा चपळ झाला. नोव्हेंबर २०१४ मधील पाचव्या आवृत्तीने मात्र तेच यंत्र अनेकांच्या हाती जवळजवळ निरुपयोगी झाले. एका नवीकरणाने यंत्राला नवजीवन दिले व दुसऱ्याने ते हिरावून घेतले. याच पाचव्या आवृत्तीत ॲन्ड्रॉइडच्या भाषांमध्ये मराठीचा समावेश झाला होता. मराठीतून चालणारा पडदा हवा तर वेग सोडावा लागे व वेग हवा तर मराठी सोडावी लागे, अशी निवड नेक्सस ७ बाळगणाऱ्या मराठी भाषकापुढे होती. गूगलने जुन्या आवृत्त्याही उपलब्ध ठेवल्या असल्याने नेक्ससवर मागे फिरता येई. मात्र त्यासाठी यंत्राचे प्रारंभक कुलूप उघडावे लागे आणि ते उघडताना सर्व माहिती पुसली जाई. ॲपलच्या यंत्रांवर जुन्या आवृत्तीस मान्यता देणे कंपनीने थांबविले की परतीची वाट बंद होते.

या तक्रारींचे परिणामही झाले. २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने जुने फोन मंद करणाऱ्या सुधारणांबद्दल ॲपल व सॅमसंग यांना दंड केला. त्याच वर्षीच्या ॲपलच्या बाराव्या आवृत्तीत जुन्या यंत्रांचा वेग वाढविण्यावर विशेष भर होता. २०१३ चा आयपॅड एअर या आवृत्तीवर थांबला. तथापि तिच्यातील सुरक्षाविषयक सुधारणा त्याला जानेवारी २०२३ पर्यंत मिळत राहिल्या. आवृत्ती नवीन नाही, पण सुरक्षा चालू आहे, अशी ही मधली अवस्था जुन्या यंत्रांना सर्वांत सोयीची ठरली.

नवीकरण न करण्याचे परिणाम : चालते यंत्र आहे तसेच ठेवणे निर्धोक वाटते; परंतु यंत्र बदलले नाही, तरी त्याच्या भोवतालची व्यवस्था बदलत असते. उघडकीस आलेल्या पण न बुजविलेल्या दोषांतून घुसखोरी होऊ शकते, हे सर्वविदित आहे. याखेरीज दोन घटना उल्लेखनीय आहेत. स्थाननिश्चितीसाठी वापरल्या जाणाऱ्या जीपीएस उपग्रहांच्या कालगणनेत आठवड्यांचा अंक १,०२४ झाला की पुन्हा शून्यापासून मोजणी सुरू होते. याचा परिणाम नोव्हेंबर २०१९ मध्ये ॲपलच्या काही जुन्या यंत्रांवर होणार होता. त्यामुळे जुलै २०१९ मध्ये, नवव्या आवृत्तीवर थांबलेल्या आयपॅड २ च्या भ्रमणध्वनी-जोडणी असलेल्या काही नमुन्यांसाठीही खास सुधारणा काढण्यात आली. दुसरी घटना ३० सप्टेंबर २०२१ ची. संकेतस्थळांची ओळख पटविणारी प्रमाणपत्रे ज्या मूळ प्रमाणपत्रांवर विसंबून असतात, त्यांपैकी एकाची मुदत त्या दिवशी संपली. त्याची जागा घेणारे मूळ प्रमाणपत्र ॲपलच्या दहाव्या आवृत्तीपूर्वीच्या प्रणालींना परिचित नव्हते. त्यामुळे आयपॅड २ सारख्या यंत्रांच्या मूळ ब्राउझरवर असंख्य संकेतस्थळे उघडेनाशी झाली. यंत्रात काहीही बिघडले नव्हते. जुन्या ॲन्ड्रॉइड यंत्रांसाठी एक तात्पुरती व्यवस्था करण्यात आली; तिची मुदतही सप्टेंबर २०२४ मध्ये संपली.

मुदतीचा प्रश्न : ॲन्ड्रॉइडची मूळ आवृत्ती गूगल प्रसिद्ध करते, परंतु ती विशिष्ट यंत्रास जुळविण्याचे काम चकती व यंत्र यांच्या निर्मात्यांना करावे लागे. विकून झालेल्या यंत्रासाठी हा खर्च करण्यास ते सहसा उत्सुक नसत. मे २०११ मध्ये गूगल व काही निर्मात्यांनी नव्या यंत्रांना अठरा महिने नवीन आवृत्त्या देण्याची घोषणा केली. पण ती व्यवहारात उतरली नाही. २०१७ मधील आठव्या आवृत्तीत यंत्रविशिष्ट भाग मूळ प्रणालीपासून वेगळा करण्यात आल्याने हे काम काहीसे सुकर झाले. २०२२ मध्ये सॅमसंगने आपल्या गॅलक्सी टॅब एस८ मालिकेस चार नवीन आवृत्त्यांचे आश्वासन दिले. निर्मात्यांनी सोडून दिलेल्या यंत्रांसाठी स्वयंसेवकांनीही आवृत्त्या तयार केल्या. २००९ मध्ये सुरू झालेली सायनोजेनमॉड व तिच्यानंतर २०१६ च्या अखेरीस पुढे आलेली लिनिएजओएस ही त्यांतील प्रमुख होत. त्यांच्यामुळे अनेक टॅब्लेट वर्षानुवर्षे अधिक वापरता आले. मात्र कुलूप उघडणे, माहिती पुसणे व चुकल्यास स्वतःच दुरुस्त करणे यांची तयारी असणाऱ्यांनाच हा मार्ग खुला होता. यूरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेले व २० जून २०२५ पासून लागू झालेले नियम फोन व टॅब्लेट या दोहोंस लागू आहेत. त्यांत प्रणालीच्या सुधारणा उपलब्ध ठेवण्याची पाच वर्षांची मुदत यंत्राची विक्री थांबल्याच्या दिवसापासून मोजली जाते.

भारतातील स्थिती : शासनाच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला ‘आकाश’ हा स्वस्त टॅब्लेट ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्लीत प्रकाशात आला. त्यावर ॲन्ड्रॉइडची २·२ ही आवृत्ती होती व मुख्य स्मृती २५६ मेगाबाइट होती. पुढे या प्रकल्पाचे काम मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेकडे आले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘आकाश २’ प्रसिद्ध झाला. ४·० ही आवृत्ती पेलण्यासाठी त्यात अधिक वेगवान प्रक्रियक व दुप्पट स्मृती बसविण्यात आली. म्हणजे नवीन आवृत्ती आली ती नव्या यंत्राबरोबर. मुंबईच्या संस्थेत आकाशवर लिनक्स चालविण्याचेही काम झाले. ही प्रणाली स्मृतिपत्त्यावरून सुरू होत असल्याने यंत्रातील मूळ ॲन्ड्रॉइडला धक्का लागत नसे. जेथे यंत्र बदलणे परवडत नाही, तेथे मूळ प्रणाली न पुसता नवीन प्रणाली अजमावण्याची ही रीत विशेष उपयुक्त होय.

सुरक्षित नवीकरणाची पद्धत : वरील इतिहासावरून जुन्या टॅब्लेटच्या नवीकरणाचा पुढील क्रम निष्पन्न होतो. प्रथम यंत्राचा नेमका नमुना व त्यावरील चालू आवृत्ती पाहून, निर्माता त्यास कोणती आवृत्ती देतो याची खात्री करावी. नेहमीच्या आवश्यक आज्ञावली नवीन आवृत्तीवर चालतात किंवा नाही, हेही पाहावे, उदा., २०१७ मध्ये ॲपलच्या अकराव्या आवृत्तीने बत्तीस-बिट आज्ञावली चालविणे बंद केले व अनेक जुने खेळ आणि कोश निरुपयोगी झाले. नंतर माहितीची राखीव प्रत यंत्राबाहेर घ्यावी आणि तीतील एखादे छायाचित्र वा टिपण उघडून ती वाचता येते, हे तपासावे. प्रत सांकेतिक शब्दाने बंद केली असल्यास तो शब्द व यंत्राशी जोडलेल्या खात्याचा तपशील कागदावर लिहून ठेवावा. पुरेशी मोकळी जागा करावी, यंत्र वीजपुरवठ्यास जोडावे आणि क्रिया पूर्ण होईपर्यंत ते बंद करू नये. नवीन आवृत्ती प्रसिद्ध झाल्याच्या पहिल्या दिवसांत ती न बसविता काही आठवडे थांबणे हिताचे असते, कारण मागे घेतलेल्या बहुतेक आवृत्त्यांचे दोष याच काळात उघड झाले. जुन्याच आवृत्तीस सुरक्षाविषयक सुधारणा मिळत असतील, तर केवळ त्या घेऊन आवृत्तीबदल पुढे ढकलता येतो. सुधारणाही थांबल्या असतील, तर त्या यंत्रावर पैशांचे व्यवहार व खाजगी पत्रव्यवहार करू नये. वाचन, संगीत यांसारख्या कामांसाठी, शक्यतो इंटरनेटशी न जोडता, ते पुढेही वापरता येते.